आठ दिवसांची बाग

गच्चीवरच्या भाजीची टिंगल काही आजची नाही. माझ्या वाचनात आलेली सगळ्यात जुनी टिंगल प्लेटोची आहे, म्हणजे सुमारे २४०० वर्षांपूर्वीची. त्याच्या 'फिड्रस' या संवादात सॉक्रेटिस विचारतो: ज्या शहाण्या शेतकऱ्याला आपल्या बियाण्याची काळजी आहे, तो ते भर उन्हाळ्यात ॲडोनिसच्या बागेत पेरेल का? आठ दिवसांत वर आलेले हिरवे कोंब बघून खूश होईल का? पेरलंच तर सणापुरतं, गंमत म्हणून पेरेल. खरी पेरणी तो योग्य जमिनीत करेल आणि आठ महिने वाट बघेल.

प्लेटोला बोलायचं होतं लिहिलेल्या आणि बोललेल्या शब्दांबद्दल. शेती त्याने फक्त दाखल्याला घेतली. पण ज्या अर्थी हा दाखला त्याने सहज दिला, त्या अर्थी ॲडोनिसची बाग म्हणजे काय हे अथेन्समध्ये प्रत्येकाला ठाऊक होतं. ती बाग छपरावर असायची.

दर वर्षी ॲडोनिसच्या सणाला अथेन्सच्या बायका फुटक्या मडक्यांच्या खापरांत माती भरायच्या. त्यात लेट्यूस, बडीशेप, गहू, जव असं पटकन उगवणारं काहीतरी पेरायच्या आणि शिडीवरून ती खापरं घराच्या छपरावर न्यायच्या. त्या काळच्या भांड्यांवर शिडी आणि खापरं घेतलेल्या बायकांची चित्रं आहेत. उथळ माती आणि कडक ऊन, त्यामुळे कोंब भराभर वर यायचे आणि तितक्याच भराभर सुकायचे. ॲडोनिस तरुणपणी मेलेला, म्हणून बायका छपरावरच त्याच्यासाठी रडायच्या, आणि मग सुकलेली बाग समुद्रात किंवा झऱ्यात सोडून द्यायच्या. ॲरिस्टोफेनिसच्या 'लायसिस्ट्राटा' नाटकातला एक अधिकारी तर तक्रारच करतो, की इकडे सभेत सिसिलीवर आरमार पाठवायची चर्चा चालली होती आणि तिकडे छपरावर बाई ॲडोनिससाठी गळा काढत होती.

मराठी माणसाला हे वाचताना घट आठवतोच. पत्रावळीवर किंवा परडीत काळ्या मातीचा थर, त्यात धान्य, मधे घट, रोज थोडं पाणी. नवव्या दिवशी पिवळसर हिरवे कोंब, आणि दसऱ्याला ते टोपीत नाहीतर वेणीत. आपल्याकडेही ही माती पुढे ठेवायची नसते, विसर्जित करायची असते.

मला या इतिहासात रस वाटायला लागला तो याच मुद्द्यापाशी. आज इन्स्टाग्रामवर दिसणाऱ्या बहुतेक गच्ची-बागा प्लेटोच्या व्याख्येत बसतात. पहिला टोमॅटो लागतो, फोटो निघतो, मे महिना येतो, आणि जूनमध्ये कुंडीत फक्त काडी उरते. मग प्रश्न पडतो: छपरावरची बाग आठ दिवसांच्या पुढे कधी गेली? कुठे गेली? आणि ती पुढे न्यायला काय लागलं?

एका खोलीवर पाच गाड्या

आधी वजनाचं बोलू, कारण सगळं तिथेच अडतं.

ओली माती घनमीटरला साधारण १६०० ते २००० किलो भरते. दहा बाय दहाच्या खोलीच्या स्लॅबवर फूटभर माती पसरली आणि तिला पाणी पाजलं तर सुमारे पाच टन ओझं होतं. एका खोलीच्या डोक्यावर पाच छोट्या गाड्या उभ्या केल्यासारखं. आपल्याकडच्या भारमानाच्या मानकानुसार, ये-जा असलेल्या सपाट छपरावर माणसं-सामान मिळून चौरस मीटरला साधारण १५० किलोचा भार धरतात. फूटभर ओली माती त्याच्या तिपटीहून जास्त होते. म्हणजे शेत जसंच्या तसं उचलून गच्चीवर ठेवता येत नाही. ज्यांनी ठेवलं त्यांच्याकडे राजाचा खजिना होता.

बॅबिलोनच्या झुलत्या बागा हे त्याचं प्रसिद्ध उदाहरण. त्या बॅबिलोनमध्ये होत्या याचा खणखणीत पुरावा उत्खननात मिळालेला नाही. स्टेफनी डॅली या अभ्यासक बाईंचं म्हणणं असं, की त्या बागा मुळात निनेव्हेच्या सेनाखेरिब राजाच्या असाव्यात. त्या वादात इथे शिरत नाही. मला महत्त्वाचं वाटतं ते डायोडोरस या ग्रीक लेखकाने केलेलं छपराचं वर्णन. तुळयांवर आधी डांबरात बसवलेल्या बोरूंचा थर, त्यावर भाजक्या विटांचे दोन थर, त्यावर शिशाचे पत्रे, आणि मग माती. शिसं कशासाठी? तर मातीतली ओल खाली झिरपू नये म्हणून. दोन हजार वर्षांपूर्वी लिहिणाऱ्या माणसालाही ठाऊक होतं, की छपरावरच्या बागेची पहिली भानगड गळतीची असते. आपल्या इमारतींवरचा विटांच्या तुकड्यांचा कोबा आणि दर पाच-सात वर्षांनी निघणारं वॉटरप्रूफिंगचं टेंडर हे त्याच शिशाच्या पत्र्याचे वारस.

वर गेलेलं वासरू

वजन आणि गळती सांभाळली तरी पाणी उरतंच. ते आपणहून वर चढत नाही.

अकराव्या शतकाच्या मध्याला नासिर खुसरो हा फारसी कवी आणि प्रवासी इजिप्तमध्ये पोचला. कैरोला लागून असलेलं फुस्तात हे शहर त्याला लांबून डोंगरासारखं दिसलं, कारण तिथली घरं एकावर एक मजले चढवलेली होती. काही घरं १४ मजली असल्याचं तो लिहितो. त्याच्या प्रवासवर्णनात एक गोष्ट आहे, ती त्याने स्वतः पाहिलेली नाही, भरवशाच्या माणसाकडून ऐकलेली आहे. एकाने सात मजली घराच्या छपरावर बाग केली होती. त्यासाठी त्याने एक वासरू वर नेलं आणि तिथेच वाढवून त्याचा बैल केला. मग छपरावर रहाट बसवला, बैल जुंपला आणि खालच्या विहिरीचं पाणी वर ओढायला सुरुवात केली. त्या पाण्यावर संत्री, केळी आणि फुलझाडं लावली.

मोठा बैल सात जिने चढत नाही, म्हणून वासरू न्यायचं. ही युक्ती वाचून आधी हसू येतं. मग लक्षात येतं, की तो बैल पुढे खाली कसा उतरला असेल हे नासिर खुसरो सांगत नाही. गच्चीवरच्या प्रत्येक हिरव्या पानामागे कुणाचे तरी श्रम वर अडकलेले असतात. फुस्तातमध्ये बैलाचे होते. आज पंपाचे आहेत, आणि पंप आहे तिथेसुद्धा संध्याकाळी बादल्या उचलणारी कुणीतरी बाई किंवा इमारतीचे वॉचमनकाका आहेत.

एक गोष्ट मात्र आपल्या शहरांनी नकळत सोडवून ठेवली आहे. प्रत्येक इमारतीच्या डोक्यावर पाण्याची टाकी आहे. फुस्तातच्या त्या गृहस्थाला ज्यासाठी बैल वाढवावा लागला ते पाणी आपण रोज सकाळी बटण दाबून वर चढवतो. फक्त ते प्यायचं पाणी असतं, आणि मे महिन्यात पाणीकपात लागली की कुंडी आणि माणूस यांत आधी कोणाला द्यायचं हा प्रश्न उरत नाही.

मूळ खाली, भोपळा वर

ज्यांच्याकडे शिशाचे पत्रे नव्हते आणि बैलही नव्हता, त्यांनी हा गुंता वेगळ्या रीतीने सोडवला. माती वर नेलीच नाही. फक्त वेल वर नेला.

आपल्या खेड्यांत हे इतकं नेहमीचं होतं की त्याला कुणी तंत्र म्हटलं नाही. पावसाच्या तोंडावर घराच्या मागे, न्हाणीचं पाणी जिथे मुरतं तिथे आळं करायचं. त्यात भोपळा, दुधी, दोडका, पडवळ किंवा कारल्याची बी टोचायची. वेल काठीने कुडावर आणि कुडावरून छपरावर घ्यायचा. भिंतीलगत वाल आणि घेवडा, अंगणात तोंडलीचा मांडव. उरलेल्या ओलीत अळू आणि केळ. वजन छपरावर येतं ते फक्त पानांचं आणि फळांचं, गळतीची भीती नाही, आणि वर वेगळं पाणी चढवायची गरज नाही. अंघोळीचं पाणी वाया न घालवता त्यावर भाजी होते. वर उन्हात पसरलेली पानं घर थोडं गारही ठेवतात.

ही बाग बहुतेक ठिकाणी बायकांच्या हातात होती. बियाणं भोपळ्याच्या कवचात किंवा राख लावून मडक्यात ठेवलेलं असायचं आणि ते एका घरातून दुसऱ्या घरात ओटीबरोबर, माहेरच्या पिशवीबरोबर जायचं. सातबाऱ्यावर या बागेची कधी नोंद झाली नाही. परसातली भाजी ना विकली गेली ना मोजली गेली, त्यामुळे तिचा इतिहास लिहायला कागदच नाहीत. अथेन्सच्या बायका निदान भांड्यांवर चितारल्या गेल्या.

उभी जागा वापरण्याचं काटेकोर, व्यापारी रूप पाहायचं तर पॅरिसच्या पूर्वेला माँत्रई गावात जावं लागेल. सतराव्या शतकापासून तिथल्या बागायतदारांनी जिप्समचा गिलावा केलेल्या उंच भिंती बांधल्या आणि पीचची झाडं त्या भिंतींना चिकटून, पंख्यासारखी चपटी वाढवली. फांद्या कापडाच्या चिंध्यांनी आणि खिळ्यांनी भिंतीला बांधायच्या. दिवसभर भिंत ऊन पिते आणि रात्री ऊब सोडते, त्यामुळे गारठ्यातही दक्षिणेकडचं फळ उत्तरेत पिकायचं. भरभराटीच्या काळात एकट्या माँत्रईत अशा भिंतींची लांबी ६०० किलोमीटरच्या घरात होती असं सांगतात. मग रेल्वेने दक्षिण फ्रान्सची पीच स्वस्तात पॅरिसला आणून टाकली, आणि भिंती हळूहळू पडत गेल्या.

इथे मला या इतिहासाचा पहिला धागा सापडला. शहरातली बाग मरते तेव्हा बहुतेकदा लांबून येणारी गाडी स्वस्त झालेली असते. उलट ती गाडी थांबली, की बाग पुन्हा उगवते.

गाडी थांबते तेव्हा

दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनची अन्नधान्याची जहाजं जर्मन पाणबुड्या बुडवत होत्या. सरकारने लोकांना हिरवळी आणि मैदानं खणून भाजी लावायला सांगितलं. भाड्याने मिळणाऱ्या भाजीच्या वाफ्यांची संख्या आठ लाखांच्या आसपासून चौदा लाखांवर गेली. त्यातलं एक छप्पर मला विशेष वाटतं. हवाई हल्ल्यापासून बचावासाठी घरोघरी पन्हळी पत्र्याचे अँडरसन निवारे दिले होते. ते बागेत अर्धे पुरायचे आणि वर किमान १५ इंच माती टाकायची, म्हणजे स्फोटाचे तुकडे अडतील. लोकांनी त्या मातीवर भाज्या लावल्या. आत सायरनच्या आवाजात दडून बसलेलं कुटुंब आणि त्यांच्या डोक्यावर भोपळ्याचा वेल. वजनाचा प्रश्न इथे पहिल्यांदा उलटा झाला, कारण मातीचं ओझं हाच बचाव होता.

त्याच युद्धाची दुसरी बाजू आपल्याकडे होती. १९४३ साली बंगालमध्ये दुष्काळाने लाखो माणसं मेली. त्याच वर्षी मुंबईत रेशनिंग सुरू झालं. सरकारने 'अधिक धान्य पिकवा' अशी मोहीम काढली. तिचा रोख मुख्यतः शेतजमिनीवर होता, पण तिचं इंग्रजी नाव मात्र शहरात चिकटून राहिलं. मुंबईच्या लोकलच्या खिडकीतून रुळांच्या कडेला पालक, माठ, मुळ्याचे वाफे दिसायचे ना? रेल्वेने आपली मोकळी जमीन लागवडीला द्यायची जी योजना चालवली तिचं नाव होतं 'ग्रो मोअर फूड'. युद्ध संपल्यावरही रेशनच्या रांगेतला तो शब्द रुळांच्या कडेने कितीतरी वर्षं हिरवा राहिला. त्या वाफ्यांना कुठलं पाणी मिळतं यावरून अधूनमधून गदारोळ व्हायचा, आणि तो व्हायलाही हवा होता.

१९६५ साली पुन्हा तीच गाठ पडली. पाकिस्तानशी युद्ध, पाऊस दगा देणारा, आणि अमेरिकेच्या गव्हावरचं अवलंबन. पंतप्रधान लालबहादूर शास्त्रींनी आपल्या सरकारी घराच्या हिरवळीवर नांगर फिरवला. १९९१ मध्ये सोव्हिएत संघ कोसळला आणि क्यूबाला मिळणारं तेल, खत, ट्रॅक्टरचे भाग सगळं आटलं. तेव्हा हवानाच्या लोकांनी मोकळ्या प्लॉटवर, अगदी सिमेंटच्या जमिनीवरही विटा-पत्र्यांचे उंच वाफे करून त्यात कंपोस्ट भरलं आणि भाजी काढली.

ब्रिटनमध्ये रेशनिंग १९५४ ला पूर्ण उठलं आणि वाफे ओस पडत गेले. शास्त्रींचा नांगर आता फोटोपुरता उरला. हवानातली भाजी टिकली, कारण तिथलं संकटच टिकलं. संकटात उगवलेली बाग आठ दिवसांची नसते, आठ वर्षांची असते इतकंच. दोन्हींत माती विसर्जित होतेच.

गणिताचे मास्तर आणि उसाचं चिपाड

मग संकटाची वाट न पाहता गच्चीवर शेती करायची कुणाला सुचली? त्याचं एक उत्तर कोल्हापूरकडे आहे.

त्याआधी एक जुना प्रयोग सांगते. सतराव्या शतकात ब्रसेल्सच्या यान व्हान हेलमाँटने मोजून सुमारे ९० किलो कोरडी माती एका कुंडीत भरली आणि तिच्यात विलोचं रोप लावलं. पाच वर्षं फक्त पाणी घातलं. झाडाचं वजन सत्तर किलोंहून जास्त वाढलं. माती पुन्हा वाळवून मोजली तर ती साठ ग्रॅमसुद्धा कमी झाली नव्हती. त्याने निष्कर्ष काढला, की झाड पाण्यापासून बनतं. तो अर्धवट होता, कारण हवेतल्या कार्बनचा हिस्सा त्याला ठाऊक नव्हता. पण गच्चीवाल्यांसाठी त्यातला कामाचा भाग बरोबर होता. झाडाचा फार थोडा भाग मातीतून येतो. बाकी हवा, पाणी आणि ऊन. म्हणजे मुळांना ओल, हवा आणि चिमूटभर क्षार देणारं काहीही चालेल. पाच टन माती वर न्यायची गरजच नाही.

श्रीपाद अच्युत दाभोळकर (१९२४–२००१) हे गणिताचे प्राध्यापक. गारगोटीच्या मौनी विद्यापीठात त्यांनी शिकवलं. नरेंद्र दाभोलकरांचे ते थोरले भाऊ. शेतकऱ्याने स्वतः प्रयोग करायचा, मोजायचं, आणि निष्कर्ष इतर शेतकऱ्यांना सांगायचे, या कल्पनेवर त्यांनी 'प्रयोग परिवार' उभा केला. तासगावच्या दुष्काळी पट्ट्यातल्या द्राक्षबागांच्या यशात या देवघेवीचा मोठा वाटा मानतात. दाभोळकर शेतीकडे गणिती नजरेने बघत. अमुक चौरस फूट पान, त्यावर पडणारं अमुक ऊन, त्यातून तयार होणारं अमुक अन्न. एका कुटुंबाला नीट जगायला दहा गुंठे पुरतात अशी त्यांची मांडणी होती. जमिनीचा आकार दुय्यम, पानाने किती ऊन पकडलं ते महत्त्वाचं. आणि ऊन मोजायला लागलं की शहरातली सगळ्यात सुपीक जागा कोणती, हे उघड होतं. गच्ची.

मुंबईत वांद्र्याला डॉ. आर. टी. दोशी यांनी गच्चीवर याच दिशेचं काम केलं. त्यांची पद्धत ऐकायला अगदी घरगुती वाटते. जुने पिंप किंवा दोन्ही तोंडं उघडी असलेली प्लास्टिकची पिशवी घ्यायची. तिच्यात बहुतांश उसाचं चिपाड आणि पालापाचोळा भरायचा, वर थोडं खत आणि मातीचा पातळ थर. चिपाड कुठून आणायचं? रसवंतीवरून. मुंबईत रसवंतीवाल्याला ते टाकायचं कुठे हाच प्रश्न असतो. हे मिश्रण ओल्या मातीच्या निम्म्याहून हलकं, पाणी धरून ठेवणारं, आणि जसं कुजत जातं तसं स्वतःच माती होणारं. पिंप स्लॅबच्या मधोमध न ठेवता तुळयांवर, कडेने ठेवायची, म्हणजे भार खांबांवर जातो.

या सगळ्याचा मला माहीत असलेला सगळ्यात भरीव प्रयोग मुंबई पोर्ट ट्रस्टच्या मध्यवर्ती स्वयंपाकघराच्या गच्चीवर झाला. सुमारे तीन हजार कामगारांचं जेवण तिथे रोज शिजायचं. भाज्यांची सालं, देठं, उरलंसुरलं रोज बाहेर टाकावं लागायचं. २००२ मध्ये ते गच्चीवर जिरवायला सुरुवात झाली. सुमारे तीन हजार चौरस फुटांच्या त्या गच्चीवर भाज्या आणि फळझाडं उभी राहिली. सुरुवात भाजी हवी म्हणून झालेली नव्हती, कचरा नको म्हणून झाली होती.

मला हा फरक निर्णायक वाटतो. अथेन्सची खापरं, घट, युद्धातले वाफे, या सगळ्यांत माती खर्च होते आणि संपते. पोर्ट ट्रस्टच्या गच्चीवर ती रोज तयार होत होती. स्वयंपाकघर चालू आहे तोवर सालं निघणार, आणि सालं निघतील तोवर माती बनणार. तिला युद्ध लागत नाही.

दोन भाकऱ्यांचा हिशेब

आता एक स्वच्छ हिशेब करू, म्हणजे भाबडेपणा उरणार नाही. कोरडवाहू ज्वारीचं उत्पादन हेक्टरी एक टन धरलं, तर एका चौरस मीटरला वर्षाला शंभर ग्रॅम ज्वारी येते. म्हणजे दोन भाकऱ्या. मुंबईच्या सगळ्या गच्च्या पेरल्या तरी मुंबईचं पोट भरणार नाही. गच्चीवर धान्य होत नाही, डाळ होत नाही, कांदाही परवडत नाही. होतात त्या पालेभाज्या, मिरची, वांगी, टोमॅटो, वेलभाज्या, कढीपत्ता, लिंबू. नेमक्या त्याच गोष्टी, ज्या ट्रकमध्ये दोन दिवसांत कोमेजतात आणि पावसाळ्यात ज्यांची जुडी पन्नास रुपयांवर जाते.

आणि गच्ची असते कोणाकडे? २०११ च्या जनगणनेनुसार मुंबईतली चाळीस टक्क्यांहून जास्त घरं झोपडपट्टीत आहेत. तिथे पत्र्याचं छप्पर, त्यावर निळी ताडपत्री, आणि रंगाच्या रिकाम्या डब्यात तुळस, गवती चहा. चाळीच्या गॅलरीत एके काळी डालडाच्या डब्यात हेच असायचं. जागा जितकी कमी, तितकं माणूस काहीतरी उभं लावतोच. पण 'अर्बन फार्मिंग' म्हणून बातमी होते ती ज्याच्याकडे आधीच पुरेशी भाजी आहे त्याच्या गच्चीची.

इमारतीत राहणाऱ्यांनाही गच्ची सहज मिळत नाही. सोसायटीची गच्ची सगळ्यांच्या मालकीची, म्हणून बहुतेकदा कुलपात. आमच्या सोसायटीच्या सभेत हा विषय तीनदा निघाला आणि तीनदा तेच पाच आक्षेप आले: गळती होईल, डास होतील, स्लॅबवर वजन येईल, कबुतरं येतील, आणि उद्या सगळेच जागा मागतील. पहिल्या चारांवर उपाय आहेत. बूड उचलून ठेवलेली पिंपं, पाण्याचा निचरा, हलकं मिश्रण, जाळी. पाचवा आक्षेप मात्र खरा आहे, कारण तो भीतीसारखा मांडला असला तरी त्यात उत्तर दडलेलं आहे. सगळ्यांनी मागितली तर गच्ची सगळ्यांची होईल.

शिवाय आता गच्चीला नवे मागणीदार आले आहेत. मोबाइल टॉवर होताच. २०२४ पासून 'पीएम सूर्य घर' योजनेतून सौर पॅनेलला अनुदान आहे आणि वीजबिल कमी होतंय म्हटल्यावर सभेत हात लगेच वर होतात. पॅनेलही ऊनच पकडतं, पानासारखं. मला त्यात भांडण दिसत नाही, पॅनेल पुरेसं उंचावर बसवलं तर खालच्या सावलीत पालक आणि अळू मजेत वाढतात. पण त्यासाठी बसवण्याआधी कुणीतरी हा विषय काढावा लागतो. नंतर ती गच्ची पुढची वीस-पंचवीस वर्षं ठरून गेलेली असते.

कायद्यानेही एक दार किलकिलं केलं आहे. २०१६ च्या घनकचरा नियमांनी ओला आणि सुका कचरा वेगळा करणं बंधनकारक केलं. पुण्यात गांडूळखत, पर्जन्यजल किंवा सौरऊर्जा यांसाठी मिळकतकरात सवलत मिळते. म्हणजे सालांची माती करण्याचं कारण कागदावर आधीच आहे. त्या मातीत काय लावायचं एवढंच ठरवायचं.

प्लेटोचं म्हणणं मी खोडून काढणार नाही. बहुतेक गच्ची-बागा अजूनही सणापुरत्याच असतात. पण त्याने कसोटी मात्र चोख दिली आहे, आणि ती किती किलो टोमॅटो निघाले याची नाही. बाग आठ दिवसांची आहे की आठ महिन्यांची, हे आपल्याला पेरण्याआधीच कळू शकतं. तीन गोष्टी विचारायच्या. घरातला ओला कचरा वर जातोय का? गच्चीची किल्ली एकाहून जास्त लोकांकडे आहे का? आणि मे महिन्यात, सुट्टीत सगळे गावी गेल्यावर, पाणी कोण घालणार हे ठरलंय का?

तिन्हींची उत्तरं हो असतील तर बियाण्याची घाई करू नका. रसवंतीवरून चिपाडाचं एक पोतं उचला. पहिला पाऊस पडेपर्यंत त्याची माती व्हायला लागलेली असेल.